रेफरीवर हात उगारणारा तुमचा पोरगा

सर, परवा तुमच्या पेटीला खांदा दिला तेव्हा मी चर्चच्या दारापासून कबरस्तानापर्यंत गुडघे वाकवून चाललो. दुसरा इलाजच नव्हता. बाकीचे पाच जण बेताच्या उंचीचे आणि मी सहा फूट सहा इंच. सरळ चाललो असतो तर माझ्या बाजूनं पेटी वर गेली असती आणि तुम्ही आतल्या आत घसरला असता. म्हणून पाय फाकवून, कमरेत बसून, एकेक पाऊल टाकत निघालो. तेवढ्यात मागून आवाज आला, "ह्यो त्यो बास्केटबॉलवाला ना? चालतोय कसा बघ. सकाळीच टाकून आलाय वाटतं."

मागं वळून बघता आलं नाही. खांद्यावर तुम्ही होतात.

तर सर, अशी सुरुवात. मला रडू यायला पाहिजे, आणि येतंही, नाही असं नाही. पण त्याच्याआधी डोकं फिरतं. लोकांचं सोडा, त्यांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. तुमचं काय? दोन वर्षं आपलं भांडण चालू होतं. बोलणं बंद, फोन बंद, नाताळचा फराळ बंद. आणि त्या भांडणाचा कसलाही निकाल न लावता तुम्ही शाळेच्या मैदानावर चुन्याची लाइन आखता आखता खाली बसलात आणि उठलाच नाहीत. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. कुणी सांगितलं होतं लाइन आखायला? मला बातमी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. तुमचा फोटो, हात जोडलेले, आणि खाली कुणीतरी लगेच विचारलेलं, "गोरख येतोय का? का मोठा झाला आता?"

आलो सर. पुण्याहून पहिल्या एस्टीनं आलो. शेवगावपर्यंत पुढच्या सीटवाल्याच्या पाठीत माझे गुडघे. त्यानं दोनदा वळून बघितलं आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "वो, जरा शिस्तीत बसा की." शिस्तीत म्हणजे कसं, ते मला आजवर कुठल्याही एस्टीत कळलेलं नाही.

लोकांना काय वाटतं ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. बास्केटबॉल खेळून पोट भरणारा माणूस म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं ते टीव्हीवरचे अमेरिकेतले येतात. गळ्यात सोनं, दारात गाड्या, बरोबर पोरी, तोंडात शिव्या. पाथर्डीला चुलत्यानं पहिल्याच सुट्टीत विचारलं होतं, "साखळी कुठाय रं तुझी?" अहो, आमच्या टीमची बस दौंडजवळ बंद पडली तर आम्ही बारा लांबटे उतरून ती ढकलतो. पुण्यात खोली बघायला गेलो तर मालकीणबाई माझ्या डोक्याकडं बघत म्हणाल्या, "खेळाडूंना आम्ही देत नाही. पार्ट्या करता तुम्ही." मी साडेनऊला गुडघ्यावर बर्फ बांधून झोपतो. बर्फाच्या ट्रेला पार्टी म्हणत असतील तर करतो बुवा पार्ट्या. लग्नाचं बघायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी चहा अर्धा झाल्यावर आवाज खाली आणून विचारलं, "रागावर काही औषध चालू आहे का?" माझी आई तिथंच बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं होतं की रडू, ते मी अजून विचारलेलं नाही.

मी कुणाकडं वाकून बघितलं तर दादागिरी. नाही बघितलं तर माज. गप्प बसलो तर घमेंड. हसलो तर "बघा, कसा निर्लज्जासारखा हसतोय". एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

पण सर, जगाला मी कोण आहे ते माहीत असायचं कारण नाही. तुम्हाला होतं. माझे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, बैलगाडीत भांडीकुंडी घालून, आणि मलाही बरोबर न्यायला निघाले तेव्हा तुम्ही शेवगावहून पाथर्डीच्या आमच्या वस्तीवर सायकल मारत आलात. मी तेव्हा आठवीत होतो आणि माझ्या चड्ड्या मला पुरत नव्हत्या. बापानं विचारलं, "ठेवून घेतो म्हनता, पन का? आमी तुमच्यातले न्हाई, तुमी आमच्यातले न्हाई." तुम्ही म्हणालात, "उंची हाय पोराची. उसात वाया जाईल." झालं. एवढ्यावर बापानं माझी पिशवी तुमच्या कॅरिअरला बांधली. उसाचे दोन सीझन मी तुमच्या पुढच्या खोलीत झोपलो. काकूंनी माझ्यासाठी खाटेच्या पायथ्याशी स्टूल लावलं होतं, पाय ठेवायला. जेवायच्या आधी तुम्ही डोळे मिटून प्रार्थना करायचात आणि मी एक डोळा उघडा ठेवून भाकरी मोजायचो.

आणि तुमचा तो नियम. इथंच सगळं अडलंय, म्हणून नीट सांगतो, कारण परवा जमलेल्या लोकांतल्या निम्म्यांना तो माहीत नव्हता. पूर्वी म्हणे बास्केटबॉलमध्ये ज्याच्यावर फाउल दिला त्यानं हात वर करायचा, म्हणजे टेबलावर नोंद करणाऱ्यांना खेळाडू कळायचा. तो नियम कधीच निघून गेला. तुमच्या कोर्टावरून नाही निघाला. उलट तुम्ही त्याला शेपूट जोडलं: हात वर, आणि आपला नंबर मोठ्यानं. मी एकदा म्हणालो होतो, "सर, लागलंच न्हाई माझं, उगं शिट्टी मारली." तुम्ही शिट्टी तोंडातून काढून म्हणालात, "लागलं का न्हाई ते मागनं बघू. शिट्टी वाजली ना? मग हात वर कर आन नंबर बोल. झाकून ठेवनारा प्लेअर मला नको."

नगरला जिल्ह्याच्या सामन्यात मी एकदा झाकलं. समोरच्याला कोपर लागलं, रेफरीनं बघितलं नाही, मी पुढं पळालो. रेफरीनं नाही बघितलं पण तुम्ही बघितलं होतं. तुम्ही मला स्वतः बाहेर काढलंत आणि शेवटपर्यंत बसवून ठेवलंत. आपण दोन पॉइंटनं हरलो. पोरं माझ्याशी बोलेनात. परतताना एस्टीत तुम्ही दाराजवळची, पाय पसरता येतात ती सीट मला दिलीत आणि स्वतः उभे राहिलात शेवगावपर्यंत. तुमचा राग असा होता. माझी जिरवायची आणि मग माझ्याच पायांची काळजी करायची.

त्या दिवसापासून हात आपोआप वर जातो, सर. पंधरा वर्षं जातोय. टीममधले हसतात. कोचनं सांगून बघितलं, हे जुनं आहे, बंद कर. नाही होत बंद. तुम्ही हाडात घातलंय ते.

आता ज्याच्यावरून आपलं वाजलं तो दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ. सामन्याचं शेवटचं मिनिट. मी बॉल अडवायला गेलो, समोरच्यावर धडकलो, शिट्टी वाजली. रेफरी अगदी माझ्या छातीशी उभा, पाच फूट चार-पाच इंचाचा माणूस. मी हात सरळ वर केला आणि टेबलाकडं बघून ओरडलो, "चौदा!" हात एवढा अचानक वर गेला की तो दचकून मागं सरला, मागं फोटो काढणाऱ्याची बॅग होती, तीत त्याचा पाय अडकला आणि तो पडला. मी वाकून त्याला उठवलं. तो म्हणाला, "अरे बाबा, हात वर करायचा नियम गेला की." मी म्हणालो, "आमच्या सरांचा नाही गेला." तो हसला. आम्ही पुढं खेळलो. मला ना कुणी बाहेर काढलं, ना कसली नोटीस आली.

व्हिडिओ अकरा सेकंदांचा होता. त्यात माझा वर गेलेला हात आहे, उघडं तोंड आहे, पडणारा रेफरी आहे. उठवलं ते नाही. हसला ते नाही. खाली लिहिलं होतं, "खेळाडू की गुंड?" संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ पार राजूरच्या बाजारात पोचला असेल. माझ्या आईला उसाच्या फडात मुकादमानं मोबाईलवर दाखवला. ती म्हणाली, "माझं पोरगं मारत न्हाई." मुकादम म्हणाला, "बाई, दिसतंय की."

इथवर माझी चूक नाही. इथून पुढं आहे, आणि ती मी कुणाला सांगितलेली नाही. मी खुलासा लिहून टीमच्या मॅनेजरकडं गेलो होतो. त्यानं वाचला आणि कागद परत केला. "खुलासा कशाला? लोक तुला बघायला येतायत. असा एक जण प्रत्येक टीममध्ये लागतो." पुढच्या सीझनचं कॉन्ट्रॅक्ट व्हायचं होतं. माझं वय एकोणतीस, गुडघा हा असा. मी कागद खिशात घातला. पंधरा दिवसांत पोस्टर आलं, "नगरचा बिबट्या". हाताची घडी घालून, भुवया चढवून मी उभा. फोटोवाला सारखा ओरडत होता, "दात नको, दात नको." तुम्हाला माहीत आहे माझा पुढचा दात वाकडा आहे आणि हसलो की मी बिबट्या नाही, बोकड दिसतो. मी दात झाकले. मनाशी म्हटलं, एका सीझनचा तमाशा आहे, जाईल विसरून.

शाळेच्या खेळाच्या खोलीतला माझा फोटो तुम्ही उतरवलात, हे मला बाहेरून कळलं. जिल्ह्यातल्या सगळ्या पारांवर मला शिव्या पडल्या तरी मला झोप लागत होती. त्या दिवशी नाही लागली. आणि खरं सांगू? मला तुमची दया नको होती, माफीही नको होती. मला एवढंच वाटत होतं की अख्ख्या महाराष्ट्रात एक माणूस असा आहे की जो तो हात बघून ओळखेल. लोकांनी गुंड ओळखला, ठीक. पण सर, तो हात तुम्ही वर करायला लावलेला होता! तळवा उघडा, बोटं जुळलेली, कोपर कानाला टेकलेलं. हजारदा तुम्हीच दुरुस्त केलेला. मारणारा माणूस तळवा असा ठेवतो का? तुम्ही तो ओळखला नाहीत. तुम्हालाही पोस्टरवरचा बिबट्याच दिसला. कपाळ माझं.

मग त्या नाताळला मी आलो. दुपारची वेळ, पुढच्या खोलीत तुमचे साडू, दोन मास्तर, चर्चचे पाळकसाहेब, सगळे करंज्या खात बसलेले. मी नेहमीसारखा चौकटीखाली वाकून आत आलो. तुम्ही म्हणालात, "या. मोठी मान्सं आली."

"सर, तुम्हीपण?"

"व्हिडिओ पाह्यला मी. चारदा पाह्यला." आणि मग माझ्याकडं न बघता, त्या मास्तरांकडं बघून, "प्रोफेशनल झाला की असंच व्हतं. पैशासाठी खेळनारा मानूस खेळाचा ऱ्हात न्हाई."

मास्तरांनी मान डोलावली. ती डोलावलेली मान बघून माझं डोकं सटकलं. तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य होतं: सर, तुमचाच नियम पाळला. ते मी बोललो नाही. मी बोललो, "पगार तुम्हीपण घेतलाच की सर. शिट्टी काय फुकट वाजवलीत?"

त्या घरात बोललो मी हे. जिथं दोन सीझन जेवलो, त्या खोलीत, पाय ठेवायचं ते स्टूल कोपऱ्यात दिसत असताना. काकू शंकरपाळ्यांची बशी घेऊन दारात तशाच उभ्या राहिल्या. तुम्ही त्यांच्या हातातून बशी घेतलीत आणि माझ्यापुढं ठेवलीत. मी तिला हात न लावता उठलो, आणि रागाच्या भरात वाकायचं विसरलो, चौकटीला कपाळ थाडकन आपटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, किती माज." तुम्ही म्हणालात का ते? नसाल. तुमचा आवाज नव्हता. पण तुम्ही त्याला गप्पही केलं नाहीत.

दोन वर्षं, सर. तुम्ही फोन केला नाहीत, मी केला नाही. प्रत्येक सुट्टीला शेवगावच्या स्टँडवर उतरायचो आणि पाथर्डीची जीप धरायचो. शाळेची भिंत जीपमधून दिसते. एकदा तुम्ही कोर्टावर दिसलात, वाकून काहीतरी उचलत होतात. मी ड्रायव्हरला थांब म्हणणार होतो. म्हणालो नाही. मनात म्हटलं, चूक त्यांची आहे, त्यांनी बोलावं. वर शाळेतल्या जुन्या दोस्तांना सांगत फिरायचो की पीटीचे मास्तर सगळे असलेच, आपल्या हाताखालचं पोर पुढं गेलं की पोटात दुखतं यांच्या. मला लोकांनी एका साच्यात बसवलं म्हणून मी बोंबलतो, आणि तुम्हाला मी त्याच हातानं दुसऱ्या साच्यात कोंबलं. पोटात दुखलं असतं तर तुम्ही पाथर्डीपर्यंत सायकल मारली नसती, एवढं कळायला मला अक्कल नव्हती का? होती. रागापुढं चालली नाही.

परवा माती दिल्यावर सगळे घरी आले. शेजारच्यांनी भात-आमटी करून आणली होती. पुढची खोली माणसांनी भरलेली. मी कुठं बसू कळेना म्हणून आत स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून जमिनीवर बसलो. बाहेर माझ्याबद्दलच चाललं होतं, दाराला पडदाच आहे, सगळं ऐकू येत होतं. "सरांनी एवढं केलं त्याच्यासाठी." "केलं, पन नाव घालवलं की त्यानं." काकूंनाही ऐकू येत होतं. त्यांनी माझ्यापुढं ताट ठेवलं. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. मला वाटलं जेव म्हणतील. त्या माझ्यासमोर पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "गोरख, एक इचारते. खरं सांगशील?"

"विचारा."

"त्या मानसाला मारलं व्हतंस का रं तू?"

सर, दोन वर्षांत मला हे कुणीही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी मला सांगितलं होतं. मॅनेजरनं सांगितलं, मास्तरांनी सांगितलं, मुलीच्या बापानं सांगितलं, तुम्हीही सांगितलंत. विचारलं कुणी नव्हतं.

"नाही काकू," मी म्हणालो. "फाउल झाला होता. सरांनी शिकवल्यासारखा हात वर केला. तो माणूस दचकून पडला. मी उठवलं त्याला."

त्या म्हणाल्या, "मंग तवाच का न्हाई बोललास?"

"कुणी विचारलंच नाही. आणि सरांनी ओळखायला पाहिजे होतं."

"मी म्हनलं व्हतं त्यांना. अहो, इचारा की पोराला एकदा. तर म्हनले, इचारायचं न्हाई. त्यो आपनहून सांगनारा पोरगाय, सांगंल." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "रोज सांजच्याला फोन जवळ घेऊन बसायचे. मी म्हनायची, लावा की. म्हनायचे, त्याचा येऊं दे."

मी न केलेल्या गोष्टीचा कबुलीजबाब मी आपणहून देईन, म्हणून तुम्ही दोन वर्षं फोनपाशी बसलात. आणि तुम्ही न विचारताच ओळखाल म्हणून मी दोन वर्षं स्टँडवरून परस्पर जीप धरली. काय म्हणायचं हो याला? एवढी हट्टी माणसं एका घरात दोन सीझन जेवली कशी?

मी तोंड खाली घातलं. त्या पगाराच्या बोलण्याची माफी मागायची होती, ती काकूंकडं मागितली. त्या म्हणाल्या, "ते कवाच इसरले ते. कपाळाला लई लागलं का पोराच्या, येवढंच इचारत व्हते आठ दिवस." तुम्ही ते विचारलंत म्हणे, पण काकूंना. मला नाही.

काकू उठल्या. मला वाटलं आमटी आणायला उठल्या. हातात वाढायचा डाव होता. त्यांनी दारावरचा पडदा बाजूला केला, आणि त्या बसलेल्या आवाजात, जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडल्या, "ऐका रं समदे! गोरखनं मारलं न्हवतं. त्यानं फाउलचा हात वर केला व्हता. ह्यांनीच शिकवला व्हता त्यो!"

साडू होते, ते दोन मास्तर होते, पाळकसाहेब होते, कबरस्तानाच्या वाटेवर मला प्यायलेला म्हणणाराही त्यांच्यातच असणार. सगळ्यांनी ऐकलं, सर. एक जण उठून माझ्या पाठीवर हात ठेवायलाही आला.

मला त्यातलं एकही माणूस नको होतं.